ओरडतो बेल्ट, दुखतं दुसरीकडे

मागच्या रविवारी आपण चेनची करकर ऐकली. या वेळी चेनच नसलेली मोटारसायकल घेऊ. हिच्या मागच्या चाकाला ताकद पोचते ती रबरी दातेरी बेल्टने. बेल्टच्या गाडीचं मोठं कौतुक म्हणजे ती आवाज करत नाही, तेल मागत नाही, पँटच्या पायाला काळं लावत नाही. त्यामुळे ती एक दिवस अचानक चिवचिवू लागली की मालक चेनवाल्यापेक्षा दसपट घाबरतो. गॅरेजात शिरताना त्याचं निदान तयार असतं : बेल्ट गेला.

बहुतेक वेळा बेल्ट गेलेला नसतो. या भागात सांगायचं आहे ते एवढंच. आवाज बेल्टमधून येतो, पण बिघाड असतो पुलीत, बेअरिंगमध्ये, चाक बसवणाऱ्याच्या घाईत, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या धुळीत.

नगरला बेल्ट नवा नाही. लूना १९७२ साली ज्यांनी आणली त्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना इथलाच, दौंड रस्त्यावरचा. याच घराण्याने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा आणली आणि गिअर न बदलता स्कूटर चालते हे घरोघर माहीत झालं. त्या स्कूटरच्या पोटात बेल्टच होता, आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्ये आहे तसाच. पण तो व्ही-बेल्ट. तो पुलीच्या दोन गालांमध्ये चिमटून, घर्षणावर चालतो. मोटारसायकलचा बेल्ट वेगळा. त्याला आतून दात असतात, पुलीलाही दात असतात आणि दातात दात अडकून चाक फिरतं. व्ही-बेल्ट घसरतो. दातेरी बेल्ट घसरत नाही; फारच ढिला असेल तर एखादा दात उडी मारतो. हा फरक ध्यानात ठेवा, कारण स्कूटरवर हात बसलेले कितीतरी चांगले मिस्तरी इथेच फसतात.

अशा मोटारसायकली जिल्ह्यात कमीच होत्या. हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ७५० आली २०१४ मध्ये आणि २०२० मध्ये कंपनीने भारतातला कारखाना बंद केला. त्यातल्या काही गाड्या आजही शिर्डीच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी दिसतात. खरी भर पडली ती विजेच्या गाड्यांमुळे. रिव्होल्टची आरव्ही ४०० मोटारसायकल असो की एथरची स्कूटर, मोटर आणि चाक यांच्यामध्ये दातेरी बेल्ट आहे. गंमत अशी की २०२४ मध्ये विजेवरची लूना आली तिला बेल्टच नाही, मोटर थेट चाकात बसवली आहे.

विजेच्या गाडीने आणखी एक गोष्ट केली. तिने आपले कान उघडले. पेट्रोल इंजिनच्या धडधडीखाली जे दहा बारीक आवाज झाकलेले असत ते आता सगळे ऐकू येतात. नवीन गाडीचा मालक ज्याला बिघाड म्हणतो त्यातले निम्मे आवाज म्हणजे गाडी चालू असल्याचा पुरावा असतो. उदाहरणार्थ, वेगाबरोबर चढत जाणारी बारीक सूं. समजा मागच्या पुलीला ६६ दात आहेत आणि टायरचा घेर दोन मीटर आहे. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला पावणेतीन-एक फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १८० दात बेल्टमध्ये शिरतात. ताशी ६०ला साडेपाचशे. हे दात शिरण्याचंच गाणं आहे. ते वेगाबरोबर सरळ चढतं, सरळ उतरतं, मधेच अडखळत नाही. ते असू द्या.

गाड्यांच्या आवाजाची अधिकृत मोजणीही आपल्याच शहरात होते. वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांमध्ये नगरची व्हीआरडीई आहे. गाडी जोरात शेजारून नेतात, साडेसात मीटरवर मायक्रोफोन असतो आणि दुचाकीला इंजिनाच्या आकाराप्रमाणे ७५, ७७ किंवा ८० डेसिबलची मर्यादा असते. पण ती मोजणी आवाज किती एवढंच सांगते. बेल्टची चिवचिव या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते आणि तरी डोकं उठवते. आपल्याला हवं आहे ते ‘किती’ नव्हे, ‘केव्हा’.

केव्हा हा प्रश्न नीट विचारला की निदान जवळजवळ झालंच. सावेडीच्या एका गॅरेजमधली गोष्ट. राहुरीकडचे एक शिक्षक विजेची मोटारसायकल घेऊन आले. चिर्र-चिर्र आवाज, दुसरीकडे नवा बेल्ट टाकून झाला होता, पंधरा दिवस शांतता आणि पुन्हा तेच. मिस्तरींनी बेल्टला हातही लावला नाही.

“सर, मागचं चाक कधी काढलं होतं?”

“चाक? पंक्चर झालं होतं ना, नगर-मनमाड रोडला. महिना-दीड महिना झाला असेल.”

“मग आवाज त्याच्या आधीचा का नंतरचा?”

सरांनी आठवून पाहिलं. नंतरचा. मिस्तरींनी मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा दाखवल्या. डावीकडे अ‍ॅडजस्टर तिसऱ्या रेघेवर, उजवीकडे चौथ्याच्या जवळ. चाक तिरकं बसलेलं. बेल्ट त्यामुळे एका बाजूला सरकून पुलीच्या काठाला घासत होता आणि त्याची कड आरशासारखी चकाकत होती. जुना बेल्ट याच कारणाने ओरडत होता. नवाही थोडा झिजल्यावर ओरडू लागला. नवा बेल्ट टाकणाऱ्याने चाक होतं तिथेच परत आवळलं होतं.

पंक्चर काढणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. चेनच्या गाडीत एवढा तिरकेपणा चेन निमूट सोसते. बेल्ट सोसत नाही. म्हणून चाक निघालं की दोन्ही खुणा सारख्या आहेत ना ते स्वतः वाकून पाहा, आणि गाडी डबल स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घेऊन चाक हाताने पुढे-मागे फिरवून बेल्ट पुलीच्या मधोमध राहतो का तेही बघा. विजेच्या गाडीत हे करताना किल्ली काढून खिशात घाला. ती चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही, आणि बेल्ट-पुलीमध्ये सापडलेलं बोट परत मिळत नाही.

धुळीचं प्रकरण सोपं आहे, म्हणून लवकर उरकू. पाथर्डी-जामखेडकडची कोरडी माती, गळीत हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊस आणि त्याच्या चिकट रसावर बसलेला फुफाटा, हे सगळं दातांच्या खाचांत जातं. दात पुलीत शिरताना त्याची बाजू किंचित घसरते. धूळ असेल तर ती घसरण्याऐवजी अडकत-सुटत जाते आणि चिवचिवते. ओळखायची खूण अशी : बेल्टवर थोडं पाणी मारा. आवाज काही वेळ गप्प झाला तर धूळ किंवा कडेचं घासणं. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात हीच गाडी आठवडाभर मुकी राहते आणि घाट उतरून संगमनेरात आली, दोन दिवस ऊन लागलं की पुन्हा बोलू लागते. मालकाला वाटतं बिघाड येतो-जातो. बिघाड नाही, धूळ येते-जाते.

इथे एक काम मात्र करू नका : वंगण. बेल्ट ओरडला की चेनचा स्प्रे, इंजिन ऑइल, ग्रीस, काहीही लावण्याचा मोह होतो. आवाज लगेच थांबतो, हीच वाईट गोष्ट. तेलाने रबर फुगतं, दात मऊ पडतात आणि तेलावर दुप्पट धूळ बसते. पिठाच्या गिरणीवाले पट्ट्याला राळ लावत, पण ते सपाट पट्टा घसरू नये म्हणून. इथे घसरण्याचा प्रश्नच नाही. डिझेलने किंवा पेट्रोलने पुसणं हाही त्याच जातीचा गुन्हा.

आता ठोक्यांचे आवाज, म्हणजे टक्... टक्... टक्. हे मला सर्वांत आवडतात, कारण ते हिशेबात सापडतात. बेल्ट, मागची पुली आणि पुढची पुली हे तिघे तीन वेगळ्या गतीने फिरतात. पुन्हा तीच गाडी घ्या : मागे ६६ दात, पुढे ३०, आणि बेल्टला १३२. चाकाचा एक फेरा झाला की मागची पुली एकदा फिरली, पुढची दोनदा आणि वर थोडी, आणि बेल्ट मात्र अर्धाच. टायरवर खडूची रेघ मारा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि मोजा. दर फेऱ्याला एक ठोका असेल तर दोष चाकात, मागच्या पुलीत किंवा ब्रेकच्या डिस्कमध्ये. दोन फेऱ्यांना एक ठोका असेल तर बेल्टमध्येच काहीतरी आहे : अडकलेला खडा, फाटलेला दात. एका फेऱ्यात दोन-तीन ठोके पडले तर पुढची पुली. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. दात मोजायला पाच मिनिटं लागतात. हजारो रुपयांचा स्कॅनर जे सांगत नाही ते खडूची रेघ सांगते.

खड्याबद्दल थोडं. रस्त्याच्या कामावर पसरलेली बारीक खडी टायर उडवतं आणि एखादा दाणा बेल्ट आणि मागच्या पुलीमध्ये जातो. तिथे तो चिरडला जातो किंवा बेल्टला आरपार भोक पाडतो. मधोमध छोटं भोक असेल तर बेल्ट लगेच टाकून देण्याची गरज नसते, लक्ष ठेवायचं. कडेला चीर पडली असेल, दात तुटला असेल, किंवा आतले धागे दिसत असतील तर मात्र वाट पाहू नका. बेल्टची ताकद रबरात नसते, त्या धाग्यांत असते. काही बेल्टमध्ये अ‍ॅरॅमिडचे असतात, काहींत कार्बनचे. म्हणूनच काढलेला बेल्ट दोरीसारखा गुंडाळून डिकीत कोंबायचा नसतो. धागा आत मोडतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

ताण हा राहिलेला मोठा भाग. ढिला बेल्ट खड्ड्यात गार्डला आपटतो, फट्-फट् करतो. जोरात थ्रॉटल दिल्यावर एक कडक ‘खट्’ आला तर दाताने उडी मारली समजा. फार ताणलेला बेल्ट जास्त फसवा, कारण तो स्वतः गप्प असतो. तो बेअरिंगवर ओझं टाकतो आणि काही महिन्यांनी तिथून घुंघुं सुरू होते, तेव्हा बेल्टची आठवणही कुणाला येत नाही. ताण बघायची पद्धत ठरलेली आहे : बेल्टच्या मध्यावर ठरावीक जोराने, बऱ्याच गाड्यांत साडेचार किलोच्या आसपास, दाबायचं आणि तो किती मिलिमीटर हलतो ते पाहायचं. अंगठ्याने अंदाज घेण्याची आपली चेनची सवय इथे चालत नाही. आणि एकाच जागी मोजू नका. पुली कधीच शंभर टक्के गोल बसलेली नसते, म्हणून चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि जिथे बेल्ट सर्वांत ताठ असेल तिथला आकडा धरा.

विजेच्या गाडीत एक वेगळंच कोडं भेटतं : आवाज थ्रॉटल सोडल्यावर येतो, दिल्यावर नाही. पेट्रोल गाडीच्या हिशेबाने हे उलटं वाटतं. पण थ्रॉटल सोडला की मोटर ब्रेकसारखी चाकाला मागे ओढते आणि बॅटरीत वीज भरते. तेव्हा बेल्टची ताठ बाजू ढिली होते, ढिली बाजू ताठ होते आणि दातांची दुसरी बाजू कामाला लागते. करंजी घाट उतरताना हे दोन-तीन मिनिटं सलग चालतं. आवाज फक्त तेव्हाच येत असेल तर दातांची ती बाजू पाहा, आणि ताण तर पाहाच. थ्रॉटल देताना आणि सोडताना दोन्ही वेळा ‘खट्’ होत असेल, तर बेल्टकडे न जाता मागच्या हबमधले रबर तपासा. ते झिजले की पुलीला खेळ मिळतो.

बाकी सोंगं घेणारे बरेच. ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलला तर ब्रेक पॅड. थ्रॉटल बंद करून गाडी घरंगळताना घुंघुं तशीच राहिली आणि वळणावर कमी-जास्त झाली तर चाकाचं बेअरिंग. चेनगार्डच्या जागी बसवलेलं बेल्टगार्ड ढिलं झालं तर ते सगळ्यांपेक्षा भयंकर वाजतं, आणि दुरुस्ती म्हणजे एक स्क्रू.

ज्यांच्याकडे साधी पेट्रोल स्कूटर आहे त्यांच्यासाठी एवढंच : डाव्या झाकणाच्या आत निघताना खडखड असेल तर व्हेरिएटरचे रोलर एका बाजूने झिजले असतील, ताशी दहा-वीसला किंचाळी असेल तर बहुधा क्लचच्या घंटेत धूळ आहे. व्ही-बेल्ट जुना झाला की ओरडण्याआधी वेग कमी करतो.

पुढच्या रविवारी डिस्क ब्रेकची किंचाळी. तोवर बेल्टवाली गाडी असेल तर तिच्या माहितीपुस्तकातलं बेल्टच्या ताणाचं पान शोधा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढचं पंक्चर कुठे होईल सांगता येत नाही, आणि चाक परत बसवणाऱ्याला तोच फोटो दाखवायचा आहे.