कासनी : रंग, दवा आणि व्यापार

ईद जवळ आली की ‘कासनी दुपट्टा दाखवा’ म्हणणाऱ्या भगिनी आमच्या दुकानात हमखास येतात. फिकट निळसर-जांभळा रंग म्हणजे कासनी, हे लहान मुलीही सांगतील. पण हे नाव एका रानफुलाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कासनी मूळची युरोप आणि पश्चिम आशियातील कुरणांत व रस्त्याच्या कडेला उगवणारी. शास्त्रीय नाव सिकोरियम इंटिबस, कूळ सूर्यफुलाचे. मूळ गाजरासारखे जमिनीत खोल जाते. देठ मोडला की पांढरा चीक निघतो. फुले आभाळी निळी. सकाळी उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्यक्षात एक स्वतंत्र फूल असते आणि तिच्या टोकाला पाच बारीक दाते असतात.

आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात बरसीमच्या चाऱ्यात ती तण म्हणून माजते, कारण तिचे बी बरसीमच्या बियात मिसळून येते. जाणते शेतकरी बी पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकतात. कासनीचे हलके बी वर तरंगते, ते काढून टाकतात.

युनानी हकिमांना मात्र हेच बी हवे असते. तुख्म-ए-कासनी आणि बेख-ए-कासनी, म्हणजे बी आणि मूळ, शरबत-ए-बजूरीत पडतात. जिगरच्या तक्रारींवर अर्क-ए-कासनी देण्याची रीत जुनी आहे. इब्न सीनाने या वनस्पतीवर स्वतंत्र रिसाला लिहिला होता. तरीही एक गोष्ट बजावून सांगतो. कावीळ झाली की घरगुती अर्कावर दिवस काढू नका. आधी रक्त तपासून घ्या, कारण काविळीची कारणे अनेक असतात. पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कासनी घेऊ नये.

व्यापारात हीच कासनी ‘चिकोरी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या मुळात इन्युलिन नावाचे पिष्टासारखे द्रव्य असते. मूळ सुकवून भाजले की त्याला कॉफीसारखा रंग आणि कडवटपणा येतो. कॅफीन मात्र मुळीच नसते. नेपोलियनने 1806 साली इंग्रजी मालाची नाकेबंदी केली, कॉफी दुर्मिळ झाली आणि चिकोरीचा खप वाढला. आज गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा-कासगंज भागात तिची शेती होते. दक्षिणेतील फिल्टर कॉफीत तर ती आवडीने घालतात.

कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे चिकोरी घालणे गुन्हा नाही, ती लपवणे गुन्हा आहे. आमच्या धंद्यातही हेच. टेरिकॉट विकण्यात काही वावगे नाही, पण ‘प्युअर कॉटन’ म्हणून विकले तर ती दगाबाजी. बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य पाहून हुजूर (स.) यांनी ते वर ठेवायला सांगितले होते, हा किस्सा आपण मदरशात ऐकलेला असतो. गल्ल्यावर बसल्यावर तो आठवला पाहिजे.

वाचकहो, पुढच्या वेळी कॉफीचे पाकीट घेताना मागची बारीक अक्षरे जरूर वाचा. आणि धंद्यात उतरणाऱ्या आपल्या तरुणांनो, तुमच्या मालावरची अक्षरे मोठी आणि खरी छापा. बरकत त्यातच आहे.