वजा गुणिले वजा अधिक का होतं?

मागच्या भागात आपण पूर्णांकांची बेरीज आणि वजाबाकी पाहिली. आज गुणाकार आणि भागाकार. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, म्हणजे बोलता बोलता करून बघता येईल.

सुरुवात घरातूनच करतो. माझी नात इथे चेन्नईत सातवीत आहे. परवा चाचणीत तिने −८ − ५ याचं उत्तर +१३ लिहिलं आणि मार्क गेले. मी विचारलं, "हे कसं आलं गं?" ती म्हणाली, "आजोबा, दोन वजा मिळून अधिक होतं ना!" नियम तिला पाठ होता. तो कुठे लावायचा आणि का, हे मात्र माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर शाळेत असताना मलाही माहीत नव्हतं. पाठ केला, मार्क मिळवले, पदवी घेतली आणि फौजेत आलो.

तोफखान्यात नवा असताना कागदावरच्या एका सरावात माझं चिन्ह चुकलं. गोळा लक्ष्याच्या २०० मीटर अलीकडे पडला होता, म्हणजे चूक −२००. दुरुस्ती काढायची तर चुकीला −१ ने गुणायचं: (−१) × (−२००) = +२००. पल्ला २०० मीटरने वाढवायचा. मी घाईत −२०० लिहिलं. शिकवणाऱ्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "आता पुढचा गोळा ४०० मीटर अलीकडे पडेल. तिथे कोण आहे?" तिथे आपलीच पायदळाची तुकडी होती. तो कागद होता म्हणून निभावलं. चिन्ह चुकलं की चूक तेवढीच राहत नाही, दुप्पट होते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तर आता नियम पाठ न करता समजून घेऊ. त्यासाठी चेन्नईचंच उदाहरण घेतो. या शहराला पाणी देणारे चार मोठे तलाव म्हणजे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम. २०१९ च्या उन्हाळ्यात हे चारही जवळजवळ कोरडे पडले होते आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लातूरकरांना २०१६ सालची मिरजेहून आलेली पाण्याची गाडी आठवत असेल, तसंच. त्या दिवसांत इथे जो तो विचारायचा, "तलाव किती उतरला?"

समजा, एका तलावाची पातळी रोज २ सेंटिमीटरने बदलते. आजच्या पातळीला शून्य म्हणू. पाणी चढलं तर अधिक, उतरलं तर वजा. पुढचे दिवस अधिक, होऊन गेलेले दिवस वजा. आता चार प्रश्न.

पावसाळा आहे, पाणी रोज २ सेमी चढतंय. ३ दिवसांनी पातळी किती? २ × ३ = ६. आजच्यापेक्षा ६ सेमी वर.

पाणी चढतंच आहे. ३ दिवसांपूर्वी पातळी किती होती? २ × (−३) = −६. आजच्यापेक्षा ६ सेमी खाली.

उन्हाळा आहे, पाणी रोज २ सेमी उतरतंय. ३ दिवसांनी? (−२) × ३ = −६. सहा सेमी खाली.

पाणी उतरतंच आहे. ३ दिवसांपूर्वी? (−२) × (−३). जे पाणी रोज उतरतंय, ते तीन दिवसांपूर्वी वरच असणार. म्हणून उत्तर +६.

झाला चौथा नियम. वजा म्हणजे दिशा उलटवणं. परेडवर "पीछे मुड" एकदा झालं की जवानाचं तोंड मागे होतं. दुसऱ्यांदा झालं की पुन्हा पुढे. गुणाकारातलं प्रत्येक वजा चिन्ह हे एक "पीछे मुड" आहे. चिन्हं सम असली तर उत्तर धन, विषम असली तर ऋण.

कुणी म्हणेल, हे तलावाचं झालं, गणित काय म्हणतं? तेही बघू. ३ आणि −३ यांची बेरीज शून्य. म्हणून (−२) ला त्या बेरजेने गुणलं तर उत्तर शून्यच यायला हवं. आता एकेक पद गुणा. (−२) × ३ झाले −६. उरलेल्या (−२) × (−३) ने ही −६ भरून काढली तरच एकूण शून्य होईल. म्हणजे ते +६ च असलं पाहिजे, दुसरं काही चालणारच नाही.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात दोन ऋणांचा गुणाकार धन होतो हे स्पष्ट दिलं आहे. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. तेच शब्द आपण आजही वापरतो.

पुढे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक त्रिकोण दिला. पाया ९, दोन बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला तर तो पायाच्या बाहेर पडतो. पायाचे दोन भाग येतात १५ आणि −६. भास्कराचार्य सांगतात, ऋण आलं म्हणजे तो भाग उलट दिशेला आहे. आता लंबाची उंची काढा. १७ च्या बाजूने: २८९ − २२५ = ६४. १० च्या बाजूने: १०० वजा (−६) चा वर्ग. तो वर्ग +३६ धरला तर ६४ येतात, उंची दोन्हीकडून ८. −३६ धरला तर १३६ येतात, आणि एकाच लंबाच्या दोन उंच्या होतात! चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.

आता भागाकार. भागाकार म्हणजे गुणाकाराचा उलटा प्रश्न, म्हणून चिन्हांचे नियम तेच. पाणी रोज २ सेमी उतरतंय. ६ सेमी खाली कधी जाईल? (−६) ÷ (−२) = ३, तीन दिवसांनी. ६ सेमी वर कधी होतं? ६ ÷ (−२) = −३, तीन दिवसांपूर्वी. तीन दिवसांत ६ सेमी उतरलं, तर रोज किती? (−६) ÷ ३ = −२.

आणि पातळी हलतच नसेल, म्हणजे दर शून्य असेल तर? ६ सेमी खाली कधी जाईल? कधीच नाही. म्हणून (−६) ÷ ० याला उत्तर नाही. शून्याने भागायचं नाही, ते याचसाठी.

आता नातीच्या चुकीकडे या. −८ − ५ मध्ये गुणाकार कुठेच नाही. तलाव आजच्या खुणेच्या ८ सेमी खाली होता, आणखी ५ सेमी उतरला. कुठे पोचला? −१३. "दोन वजा मिळून अधिक" हा नियम गुणाकार-भागाकाराचा आहे, बेरजेचा नाही. एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, "आजोबा, उतरलेलं पाणी आणखी उतरलं तर वर कसं येईल?" मला वाटतं, तिला समजलं.

घरी करून बघा: (−४) × (−६) ÷ (−३). चिन्हं तीन, म्हणजे विषम, उत्तर −८. आता याच आकड्यांची तलावाची गोष्ट मुलांना रचायला सांगा. गोष्ट जमली की नियम पाठ करावा लागत नाही. पुढच्या भागात अपूर्णांक घेऊ. जय हिंद.