रंकाळ्याची सावकाश प्रदक्षिणा

कोल्हापुरात आलेला पाहुणा सकाळी अंबाबाईचे दर्शन घेतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावर जातो, हा क्रम कित्येक पिढ्यांचा आहे. गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी या पेठांतील जैन व्यापारी कुटुंबांनाही या तळ्याचा लळा आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेले असते, प्रतिक्रमणाला अवकाश असतो; मधल्या त्या घटकाभरात वडीलधारी मंडळी नातवंडांचा हात धरून काठाने एक फेरी मारून येतात. भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी जमू लागते, तेव्हा ही मंडळी घराकडे वळलेली असतात.

अलीकडे काठावर निराळी घाई दिसते. मनगटावरील यंत्र पावले मोजते, कानात गाणी वाजत असतात आणि ठरलेला आकडा गाठला की चालणे संपते. प्रकृतीसाठी ते हितकारक आहे, यात शंका नाही; परंतु ज्या तळ्याभोवती आपण चाललो ते पाहिले का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. आपल्या परंपरेत चालण्यालाही शिस्त आहे. मुनींच्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. चार हात पुढची भूमी न्याहाळावी, पायाखाली जीव येणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, हा तिचा आशय. श्रावकाला ती पूर्णत्वाने पाळणे शक्य नसले, तरी तिचा अभ्यास करायला रंकाळ्याच्या काठासारखी जागा नाही.

सावकाश चालणाऱ्याला या तळ्याचा इतिहास वाचता येतो. आठव्या शतकापूर्वी येथे दगडाची खाण होती, नगरीतील मंदिरांसाठी येथूनच पाषाण गेला आणि पुढे भूकंपाने झरे फुटून खाण पाण्याने भरली, अशी परंपरा सांगते. पाणी उतरले की संध्यामठाची दगडी वास्तू पाण्याबाहेर डोकावते. काठावरचा शालिनी पॅलेस 1931 ते 1934 या काळात काळ्या दगडात उभा राहिला. राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला दिले गेले.

तळे बांधणे आणि राखणे हे पुण्यकर्म आहे, ही जाणीव या भूमीत जुनी आहे. बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा गंडरादित्य याने मिरज प्रदेशात ‘गंडसमुद्र’ नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व अर्हत या तिघांचीही प्रतिष्ठापना केली. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण जिनालय उभारले. एका तळ्याच्या काठी तीन धर्मांची दैवते नांदली, कारण पाणी सर्वांचे होते.

रंकाळ्याच्या काठावरील नंदीची लोककथा प्रसिद्ध आहे. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो; तो पाण्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल, असे म्हणतात. धान्याचा व्यापार ज्यांच्या घराण्यात आहे त्यांना या कथेचे मर्म सांगावे लागत नाही. रोजची तूट दाण्याएवढी असली, तरी ती साठत जाते.

रंकाळ्याच्या पाण्यात नेमके हेच घडले. आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे वर्षानुवर्षे तळ्यात येत राहिले. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे वनस्पतींचे खाद्य. ते मिळाले की शेवाळ माजते, जलपर्णी फोफावते. अनुकूल हवेत जलपर्णीचा पसारा साधारण पंधरवड्यात दुप्पट होतो. चक्रवाढ व्याजाचा हिशोब ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचे गणित उमजेल. रात्री प्रकाश नसतो, तेव्हा शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट वापरते. कुजणारा पालाही वापरतो. म्हणून पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, मासे भुकेले आहेत. तो दयेने पाव, कणकेच्या गोळ्या टाकतो. उरलेले अन्न तळाशी कुजते आणि श्वासासाठी धडपडणाऱ्या माशांचा प्राणवायू आणखी घटतो. डोळसपणा नसला, तर जीवदयाही हिंसेकडे वळू शकते.

पाण्याविषयी एवढी सूक्ष्म दृष्टी ठेवणारा समाज विरळाच. पाणी गाळून पिणे ही तर श्रावकाची ओळख. जुन्या घरांतून गाळण्याच्या कापडावर राहिलेली जिवाणी, म्हणजे सूक्ष्म जीवांसह उरलेले पाणी, ज्या विहिरीचे असेल त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडली जाई. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगणार नाहीत, म्हणून. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा व्यवसायांत, कर्मादानांत, सरोवरे आटवण्याचाही समावेश आहे. पाणी न आटवता ते निर्जीव करणे, याला त्याहून वेगळे काय म्हणावे?

आज पाणी नळातून येते आणि मोरीतून जाते. येणारे पाणी आपण अजूनही गाळतो. जाणारे पाणी कोठे जाते, हे मात्र पाहत नाही. आपल्या इमारतीचे सांडपाणी ड्रेनेजला जोडलेले आहे की पावसाळी गटारातून नाल्यात उतरते? दुकानाच्या मागील मोरीतून तेल, रंग, साबणाचा फेस कोठे वाहतो? पूजेचे निर्माल्य पिशवीसकट कोण कोठे टाकते? धर्मशाळेत वा मंगल कार्यालयात शेकडो माणसांचे भोजन झाल्यावर भांड्यांचे पाणी कोणत्या वाटेने जाते? हे प्रश्न महानगरपालिकेचे आहेतच, पण ते आधी घराचे आणि पेढीचे आहेत.

सवय बदलते, याचा पुरावा काठाजवळच आहे. अलीकडच्या वर्षांत गणेशमूर्ती रंकाळ्याऐवजी शेजारच्या इराणी खणीत विसर्जित होऊ लागल्या. श्रद्धेला धक्का न लावता नगराने वाट बदलली. जलपर्णी काढण्यासाठी अनेक नागरिक श्रमदानालाही उतरले.

चातुर्मासात आपण अनेक नियम घेतो. त्यांत आणखी एक घालता येईल. आठवड्यातून एकदा रंकाळ्याची, किंवा आपापल्या गावच्या तळ्याची, फेरी सावकाश मारावी. मोबाइल खिशात ठेवावा, नातवंडे बरोबर घ्यावीत, नाला जेथे पाण्याला मिळतो तेथे थांबावे, आणि घरी आल्यावर आपली मोरी कोठे उघडते हे शोधून काढावे. तळे हे पूर्वजांनी ठेवलेले मुद्दल आहे. त्याच्या व्याजावर, म्हणजे गार वाऱ्यावर आणि सायंकाळच्या समाधानावर, पिढ्या जगल्या. मुद्दल खाऊन चालणारी पेढी टिकत नाही, हे व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवावे लागत नाही.