चिमूटभर चुना काय करतो?

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटली की गुळव्याचं सगळं लक्ष कढईकडे असतं. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी. त्यात चुन्याची निवळी पडली की आम्लता मरते, मळी वर येते आणि गूळ नीट बसतो. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो, कमी झाला तर चिकट राहतो. हे प्रमाण तो मोजून नाही, अनुभवाने ठरवतो. त्याच गुऱ्हाळावर, त्याच चुन्याचं हेच काम दिवसातून कितीतरी वेळा तळहातावरही चालू असतं. तिथे तंबाखू मळली जाते.

तंबाखूत चुना का घालायचा, असं विचारलं तर उत्तर मिळतं की चुन्याशिवाय ती ‘लागत’ नाही. उत्तर अगदी बरोबर आहे. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. पानात तो आम्लांशी बांधलेला असतो. बांधलेलं निकोटिन लाळेत विरघळतं, पण गालाच्या आतल्या त्वचेतून सहजी पार होत नाही. चुन्याने सामू (पीएच) वाढला की ते सुटं होतं. सुटं निकोटिन स्निग्ध पदार्थांत विरघळतं, त्यामुळे पेशींच्या स्निग्ध आवरणातून ते सरळ रक्तात उतरतं.

माती परीक्षणाचा कागद हातात घेतलेल्या शेतकऱ्याला सामू सांगावा लागत नाही. तंबाखूचा सामू ६ असेल तर तिच्यातलं जेमतेम एक टक्का निकोटिन सुटं असतं. ७ ला सुमारे नऊ टक्के, ८ ला निम्मं, ९ ला नव्वद आणि १० ला जवळजवळ सगळं. तंबाखू तीच, चिमूट तेवढीच. रक्तात किती उतरणार हे चुना ठरवतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी हे अनुभवाने जाणलं. त्यात कुणाला फसवण्याचा हेतू नव्हता. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी मात्र हेच गणित प्रयोगशाळेत मांडलं, त्यावर धंदा उभा केला आणि जगापासून लपवून ठेवलं. म्हणून ती हकिकत यवतच्या टपरीपर्यंत आणायला हवी.

ब्राऊन अँड विल्यम्सन या कंपनीचे कायदेप्रमुख अ‍ॅडिसन येमन यांनी १९६३ मध्येच एका खासगी टिपणात मान्य केलं होतं की निकोटिन व्यसन लावतं आणि आपला धंदा ते विकण्याचाच आहे. फिलिप मॉरिसच्या विल्यम डन यांनी १९७२ मध्ये सिगारेटचं वर्णन निकोटिनची मात्रा देणारं साधन असं केलं. आर. जे. रेनॉल्ड्सचे क्लॉड टीग यांनी १९७३ मध्ये प्रतिस्पर्ध्याची मार्लबोरो इतकी का खपते याचा शोध घेतला. त्यांनी धुराचा सामू आणि विक्रीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. मार्लबोरोच्या तंबाखूवर अमोनियाची प्रक्रिया होत होती आणि अमोनियाही चुन्यासारखाच सामू चढवतो.

फिलिप मॉरिसच्या रिचमंडमधल्या प्रयोगशाळेत व्हिक्टर डीनोबल हा संशोधक उंदरांवर काम करत होता. उंदीर स्वतःहून कळ दाबून निकोटिन टोचून घेत. त्याचा शोधनिबंध छपाईच्या वाटेवर असतानाच कंपनीने मागे घ्यायला लावला आणि १९८४ मध्ये प्रयोगशाळाच बंद केली. दहा वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, सात मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी उघड केलं की ब्राऊन अँड विल्यम्सनने ‘वाय-१’ नावाची, नेहमीच्या जवळपास दुप्पट निकोटिनची जात तयार करून ब्राझीलमध्ये पिकवून घेतली होती. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांची लाखो कागदपत्रं बाहेर आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहात ती आज कुणालाही वाचता येतात.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो. तिथला पृष्ठभाग इतका प्रचंड की सामू कमी असला तरी निकोटिन शोषलं जातंच आणि दहा-वीस सेकंदांत मेंदू गाठतं. तोंडाचं तसं नाही. तोंडात सगळा खेळ सामूचा. तंबाखूचा बार भरला की निकोटिन सावकाश चढतं, अर्ध्या तासाच्या आसपास शिखर गाठतं आणि बराच वेळ रक्तात राहतं. ‘मी सिगारेट ओढत नाही, नुसती तंबाखू खातो’ हे बोलणं गावात सर्रास ऐकू येतं. त्यात थोडाही दिलासा शोधू नये.

तोंडातल्या तंबाखूची ही विद्या युनायटेड स्टेट्स टोबॅको या कंपनीने सर्वांत चलाखीने वापरली. नवख्या तरुणासाठी कमी सामूची, सुवासिक, पुडीत बांधलेली ‘स्कोल बँडिट्स’. तिची सवय झाली की एकेक पायरी वर चढवत शेवटी चढ्या सामूची ‘कोपनहेगन’. गिऱ्हाईक पायरीपायरीने वर न्यायचं, अशी आखणीच कंपनीच्या कागदांत सापडली. आपल्याकडे शाळकरी मुलगा आधी गोड-सुगंधी पुडी फोडतो, मग मावा खातो आणि विशीत खिशात चुन्याची डबी बाळगू लागतो. हा क्रम पाहिला की मला ती आखणी आठवते.

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन पुन्हा बंदी आली. त्या वेळी दिलेल्या कारणांत पानमसाल्याच्या नमुन्यांत सापडलेलं मॅग्नेशियम कार्बोनेटही होतं. हा पदार्थसुद्धा अल्कधर्मीच. पण विक्रेत्यांनी वाट काढली: एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू आणि दोन्ही गिऱ्हाइकाच्या तोंडात एकत्र. बंदी पुडीवर आली, अशा रसायनाने निकोटिन सुटं होतं याकडे कुणी पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडाचा जास्त आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरताना आढळले, विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. पुणे जिल्ह्याला तर हे पन्नास वर्षांपासून माहीत असायला हवं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कामात कोपनहेगनचे दंतवैद्य येन्स पिंडबोर्गही होते. मुखकर्करोगाच्या जागतिक अभ्यासात या पाहणीचा दाखला दिला जातो. त्यात सुमारे ३९ टक्के बायका मिश्री लावणाऱ्या निघाल्या.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तिला कुणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासायची गोष्ट. सासू लावते, सून लावते, लहान मुलगी बघून शिकते. भाजल्याने निकोटिन सगळं जात नाही, उलट जळण्यातून बेन्झोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ तयार होतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे यांनी ऐंशीच्या दशकात मिश्रीवर काम केलं होतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढलेला दिसला. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच मनाई केली. घरातल्या तव्यावर मात्र कुठला कायदा चालत नाही. तिथे गावातल्या आरोग्यसेवेच्या आशाताईंनीच बोलावं लागेल, आणि तेही सुनेशी नाही, सासूशी.

कष्टाच्या माणसाला तंबाखू का सुटत नाही, हेही समजून घेऊ या. निकोटिन भूक मारतं. पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजुराला दोन भाकरींच्या मधली वेळ एका बारावर ढकलता येते. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही खोटी नाही, कारण निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. सोडल्यावर बद्धकोष्ठ होतो, चिडचिड होते, झोप उडते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पाणी, पालेभाज्या आणि चालणं यांनी पोटाचं निभतं. माणूस मनाचा कच्चा असतो म्हणून परत वळत नाही. पहिला आठवडा त्याच्या सोबतीला कुणी नसतं म्हणून वळतो.

सोबतीला औषधही आहे. स्वीडनच्या ओव्हे फर्नो यांनी निकोटिनचं च्युइंगगम बनवलं आणि त्यातही तोंडाचा सामू चढवणारा क्षार घातला. जे रसायन व्यसन पक्कं करतं, तेच इथे मोजून-मापून सोडवायला कामी येतं. म्हणूनच हे गम चहा, लिंबूपाणी किंवा शीतपेयाबरोबर खाल्लं तर आम्लामुळे त्याचा उपयोग होत नाही. थोडं चावावं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवावं. कचाकचा चावून गिळलं तर नुसती उचकी लागते आणि लोक म्हणतात, गम बेकार आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी देताना हे दोन मिनिटं समजावलं, तर किती गम वाया जायची थांबतील!

आणखी दोन गोष्टी व्हायला हव्यात. तंबाखूविरोधी कायद्यात २००३ पासूनच पाकिटावर निकोटिनचं प्रमाण छापण्याची तरतूद आहे, पण टपरीवरच्या पुडीवर ते दिसत नाही. ते छापावं आणि त्याच्याबरोबर सामूही छापावा, कारण सामूवाचून मिलिग्रॅमचा आकडा अर्धवट आहे. अमेरिकेत धूरविरहित तंबाखूच्या कंपन्यांना निकोटिनबरोबर सामूही सरकारला कळवावा लागतो. दुसरी गोष्ट यवतकरांच्या हातातली. तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला मुक्कामी येते आणि गाव पिठलं-भाकरीने वारकऱ्यांची सेवा करतं. पाय चेपण्याच्या, मलमपट्टीच्या सेवेत बॅटरीच्या उजेडात तोंड पाहणारा एक दंतवैद्य बसवावा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उभी तीन बोटं मावणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, एवढं पाहिलं तरी कितीतरी जण वेळेत दवाखान्यात पोचतील.

आणि ज्यांना आजच सोडायची आहे, त्यांनी पालखीची वाट पाहू नये. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नि:शुल्क क्रमांक आहे १८००-११२-३५६.