सनसेट आला रुळांवर!

मोबाइलमध्ये सनसेटचे ढीगभर फोटो नुसते पडलेत ना? त्यांचा मॉडेल रेल्वेसाठी बॅकड्रॉप करा की! पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये इवल्याशा शहरातून गाड्या पळतात. तसा छोटा लेआउट घरी करायचाय? मग संध्याकाळी टेकडीवर चढा. एक्स्पोजर लॉक करा, फ्रेम एकमेकींवर थोड्या चढवत अख्खं शहर टिपा. ‘एचओ’ स्केल म्हणजे १:८७. त्यात १२ मीटरची इमारत जेमतेम १४ सेंटिमीटर! दूरच्या इमारती त्याहून लहान प्रिंट करा, तेही मॅट कागदावर. फोटोत सूर्य डावीकडे असेल, तर दिवाही डावीकडूनच, पिवळसर. नाहीतर सावल्या चुगली करतात! आणि उशीर नको. नवे टॉवर उभे राहिले की ही स्कायलाइन परत दिसणार नाही; तुमच्या टेबलावरची गाडी मात्र तिच्यासमोरूनच धावत राहील.