पाणी पाहायचा लोलक: कसला घ्यावा आणि किती मानावा



भात झोडून झालं की शहापूर-मुरबाडकडे विहिरीची बोलणी सुरू होतात. मग पाणाड्याला बोलावणं जातं. कुणी उंबराची बेचकी धरतो, कुणी तळहातावर नारळ ठेवतो, कुणी दोऱ्याला बांधलेला लोलक. लोलक पितळेचा बरा की स्फटिकाचा, असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

लोलक म्हणजे दोरा आणि वजन, दुसरं काही नाही. गवंड्याचा ओळंबा घ्या, नाहीतर सायकलचा नट. वजन मधोमध टांगलेलं असावं, दोऱ्याला पीळ नसावा. झोक्याला लागणारा वेळ वजनावर नसतो, दोऱ्याच्या लांबीवर असतो. वीतभर दोऱ्याला एकदा जाऊन यायला सुमारे १ सेकंद लागतो. दोरा चौपट केलात तर वेळ दुप्पट. महागड्या लोलकाला पाणी जास्त कळतं, असं मुळीच नाही.

लोलक हलतो हे मात्र खरं, आणि प्रत्येक पाणाड्या लबाड असतो असंही नाही. मनात ‘इथं पाणी’ आलं की बोटं नकळत बारीक हलतात, आणि दोरा ती हालचाल वाढवून दाखवतो. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं पाऱ्यावर लोलक धरून हे तपासलं. हाताला आधार दिला तसा झोका कमी झाला, आणि डोळे बांधल्यावर पाऱ्याचा गुण दिसेनासा झाला. १८३३ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं.

तुम्हीही घरी करून बघा. पाच घमेली पालथी घाला. तुमच्या माघारी कुणीतरी एकाखाली पाण्याचा तांब्या ठेवावा आणि तिथून निघून जावं. मग लोलक धरा. असं वीस वेळा करा. नुसत्या नशिबानं चारेक वेळा बरोबर येणारच. त्याहून पुष्कळ जास्त येतं का, ते मोजा.

मग पाणाड्यानं दाखवलेल्या जागी पाणी लागतं कसं? आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. कार्तिकात सखल जागी खणलं तर मुरमात पाणी बहुधा लागतंच. शिवाय जुना पाणाड्या उंबर, वारूळ, ओहोळाचं वळण बघत असतो. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत अशाच झाडांच्या आणि वारुळांच्या खुणा दिल्या आहेत.

खरा प्रश्न वैशाखाचा आहे. काळ्या कातळात पाणी फक्त फटीत राहतं, आणि उतारावरच्या मुरमातलं पाणी लवकर वाहून जातं. म्हणून तर भातसा, तानसा शहापूर तालुक्यात असूनही कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. विहिरीची जागा तेव्हाच बघा. शेजारच्या विहिरीत किती फूट पाणी आहे, उपसल्यावर किती तासांनी भरते, मुरूम किती खोल गेला, फुटका खडक कुठं लागला, हे विचारा. टेकाड टाळा, ओहोळाकाठचा, मुरूम जाड असलेला सखल भाग आधी बघा. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे अर्ज करा. तिथले भूवैज्ञानिक खडक बघून, यंत्रानं जमिनीची तपासणी करून सल्ला देतात. खात्रीची हमी तेही देत नाहीत, पण का खणावं किंवा खणू नये ते सांगतात. कर्जाच्या कागदावर सही आणि बोअरवाल्याला आगाऊ रक्कम, दोन्ही हा सल्ला हाती आल्यावरच.