टर्बो गाडीचा श्वास आणि दिल्लीची धूळ

वाहन कर्ज विभागात काम करताना ग्राहकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. हप्ता किती, मुदत किती, मुदतीपूर्वी फेड केल्यास आकार किती. गेल्या उन्हाळ्यात मात्र गुरुग्राम येथे नोकरीस असलेल्या, मूळच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुण ग्राहकाने वेगळाच प्रश्न विचारला. आपल्याच बँकेच्या कर्जातून त्याने टर्बो पेट्रोल इंजिनाची एक वेगवान, जुनी गाडी घेतली होती. ‘साहेब, गाडीला बाहेरचा एअर इनटेक बसवायचा आहे. बँकेची परवानगी लागते का?’ असे त्याने विचारले. उत्तर माझ्या जिभेवर तयार नव्हते. करारनामा काढून पाहिला, मोटार वाहन कायदा चाळला, आणि त्या निमित्ताने एका रविवारी पश्चिम दिल्लीतील एका गॅरेजमध्ये चार तास उभे राहून हे काम प्रत्यक्ष पाहिले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इंजिनाविषयी लिहिणे हे धाडसच. परंतु या विषयात हिशेबाचा भाग मोठा आहे, एवढाच माझा अधिकार.

टर्बो पेट्रोल गाड्यांशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळील शेंद्रा येथे स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी होऊ लागली आणि २००४ मध्ये तिची टर्बो पेट्रोल इंजिनाची आर.एस. आवृत्ती भारतीय बाजारात आली. पुढे चाकणच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगनची पोलो जी.टी. टी.एस.आय. २०१३ मध्ये आली व अशी गाडी मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात आली. आज दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा करोल बागेतील दुकानांत या गाड्यांसाठी बाहेरचे इनटेक मागणारे तरुण नित्य दिसतात.

इनटेक म्हणजे काय, हे आधी पाहू. इंजिनाला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा हवाच अधिक लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास साधारणतः १४.७ किलो हवा लागते. ही हवा बॉनेटच्या पुढच्या कडेजवळील तोंडातून आत येते, प्लास्टिकच्या बंद डब्यातील कागदी फिल्टरमधून गाळली जाते, बऱ्याच गाड्यांत तिचे वजन मोजणाऱ्या सेन्सरवरून जाते आणि मग टर्बोत शिरते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारे टर्बोचे चक्र ती दाबून घट्ट करते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलरमध्ये गार करून इंजिनात सोडतात. बाहेरचा इनटेक बसविणे म्हणजे या साखळीतील पहिला दुवा, अर्थात डबा, फिल्टर आणि टर्बोपर्यंतची नळी बदलणे. नवी नळी रुंद व गुळगुळीत असते. फिल्टर बहुधा शंकूच्या आकाराचा, तेल लावलेल्या सुती जाळीचा असतो.

विक्रेता सांगतो की त्यामुळे गाडीची शक्ती वाढते. हे पूर्णतः असत्य नाही. पण किती वाढते, हे कागदावर मांडून पाहावे. दिल्लीत हवेचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल असतो. समजा, मूळ डबा व फिल्टर यांतून खेचताना पूर्ण वेगात ३ किलोपास्कल दाब वाया जातो आणि नव्या इनटेकमुळे हा तोटा निम्मा होतो. म्हणजे टर्बोच्या तोंडाशी ९५ ऐवजी ९६.५ किलोपास्कल दाब मिळाला. हा लाभ सुमारे दीड टक्क्याचा. २३० अश्वशक्तीच्या गाडीत तो तीन-साडेतीन अश्वशक्ती भरतो. शिवाय टर्बो गाडीत दाब किती ठेवायचा हे संगणक ठरवितो. हवा सहज मिळू लागली म्हणून तो मर्यादा ओलांडत नाही. तेवढाच दाब गाठण्यासाठी टर्बोला थोडे कमी कष्ट पडतात, इतकेच.

आता खर्चाची बाजू. शंकूचा फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला, तर तो बाहेरची नव्हे, इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. जूनमध्ये धौला कुआँच्या कोंडीत बाहेर ४५ अंश तापमान असताना बॉनेटखाली काय स्थिती असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आत येणारी हवा केवळ १० अंशांनी अधिक तापली, तरी तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. इंटरकूलर त्यातील काही उष्णता काढून टाकतो, तरी दीड टक्क्याची कमाई वसूल होण्यापूर्वीच खर्ची पडण्याचा संभव असतो. हवा फार तापली की इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक स्वतःच शक्ती कमी करतो. म्हणून इनटेक घ्यायचाच असेल, तर बंद डब्याचा, बॉनेटला रबरी पट्टीने चिकटून बसणारा आणि बाहेरच्याच तोंडातून हवा घेणारा घ्यावा.

लाभ खराखुरा होतो तो कानांना. उघड्या फिल्टरमुळे टर्बोचा फुत्कार आणि पाय काढताच येणारा उसासा स्पष्ट ऐकू येतो. अनेकांना त्यातच शक्ती वाढल्याचा भास होतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, जेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तीन अश्वशक्तींना कदाचित अर्थ असेल. तेथून आग्र्याकडे जाणाऱ्या यमुना द्रुतगती मार्गावर कारसाठी कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. त्या वेगाने सपाट रस्त्यावर जाण्यास अशा गाडीला आपली पाव शक्तीही लागत नाही.

धुळीचा हिशेब

या लेखाचे खरे कारण धूळ हे आहे. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, टर्बोने हवा दुप्पट दाबलेली असताना, मिनिटाला सुमारे १२ घनमीटर हवा ओढते. शहरात सरासरी याहून पुष्कळ कमी; मिनिटाला एक घनमीटर धरू. वर्षाला १०,००० किलोमीटर, ताशी २५ किलोमीटरच्या सरासरीने, म्हणजे ४०० तास. अर्थात वर्षाकाठी २४,००० घनमीटर हवा. आपल्या देशात सूक्ष्म धूलिकण, ज्यांना पी.एम. १० म्हणतात, त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे आणि दिल्लीत ती वारंवार ओलांडली जाते. ३०० चा आकडा धरला, तर वर्षाला सुमारे सात ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारी येते. राजस्थानकडून येणारी मे-जूनमधील आंधी आणि बांधकामांची जाड धूळ यात धरलेली नाही.

आता समजा, एक फिल्टर शंभरपैकी ९९ भाग धूळ अडवितो आणि दुसरा ९७. जाहिरातीत हा फरक दोन टक्क्यांचा दिसेल. इंजिनाच्या दृष्टीने मात्र पहिल्यातून एक भाग आत जातो आणि दुसऱ्यातून तीन, म्हणजे तिप्पट. व्याजाच्या दरात दोन टक्क्यांचा फरक ज्यांना समजतो, त्यांना हे अधिक सांगणे नलगे. या धुळीत वाळूचे कठीण कण असतात. ते टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवितात, सिलिंडरच्या भिंती घासतात, आणि तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोहोचतात. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही वर्षांनी इंजिन तेल खाऊ लागते तेव्हा दिसते. फिल्टर चांगला असूनही जोड सैल असेल, तर तेथून शिरणारी हवा मुळी गाळलीच जात नाही. फिल्टर विकत घेताना ‘अधिक हवा’ हा शब्द सर्वत्र आढळतो, आय.एस.ओ. ५०११ या प्रमाणाप्रमाणे घेतलेल्या चाचणीत तो किती धूळ अडवितो, ही माहिती मागितली तर मात्र दुकानदार चहा मागवितो.

बसविण्याचे काम

त्या रविवारी गाडी रात्रभर थंड केलेली होती. मिस्त्री साठीकडे झुकलेले, फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली, इंजिनावरील प्लास्टिकचे आवरण उचलले, सेन्सरची जोडणी खटका दाबून अलगद काढली. मग होज पाइपचे क्लॅम्प सैल करून जुना डबा उचलला. त्याबरोबर टर्बोचे तोंड उघडे पडले, आणि दुसरे काहीही करण्याआधी त्यांनी त्यात धुतलेले, धागे न सुटणारे फडके कोंबले. टर्बोचे चक्र मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेते. त्यात चुकून पडलेला एक लहानसा स्क्रू संपूर्ण टर्बो संपवू शकतो, आणि तुटलेले तुकडे पुढे जातात ते निराळेच. हे फडके शेवटी काढले की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. मिस्त्रींनी ते माझ्या ग्राहकाच्या हातात देऊन मगच नळी जोडली.

सेन्सर जुन्या डब्यातून नव्या नळीत बसविताना त्यावरील बाण हवेच्या दिशेने असला पाहिजे. त्याच्या आतील तापलेल्या नाजूक तारेला किंवा पापुद्र्याला बोट लावू नये. तेल लावलेल्या फिल्टरचा धोका येथेच आहे. धुतल्यावर हौसेने अधिक तेल लावले, की ते हवेबरोबर उडून या तारेवर बसते. मग संगणकाला हवेचे वजन चुकीचे कळते आणि पेट्रोलचे मिश्रण बिघडते. इंजिनातील वाफ परत आणणारी एक बारीक नळी मूळ पाइपला जोडलेली असते. स्वस्त संचात तिच्यासाठी जागाच नसते, आणि काही ठिकाणी ती सरळ मोकळी सोडून देतात. हे कदापि होऊ देऊ नये. तेथून न मोजलेली, न गाळलेली हवा शिरते. सर्व क्लॅम्प आवळल्यावर मिस्त्रींनी नळीत धूर सोडून गळती तपासली. एका जोडातून धुराची रेघ निघाली. सिलिकॉनचा तुकडा अर्धा सेंटिमीटर तिरका बसला होता. धुराची चाचणी नसती, तर ही गाडी तशीच दिल्लीच्या धुळीत गेली असती.

पाणी आणि विमा

काही संचांत फिल्टर गार हवेच्या लोभाने खाली, बंपरच्या मागे ठेवतात. मे महिन्यात हा विचार योग्य वाटतो. जुलैत तोच घातक ठरतो. कॅनॉट प्लेसजवळील मिंटो पुलाखाली, ज्याच्या शेजारच्या रेल्वे स्थानकाला शिवाजी ब्रिज असे नाव आहे, पावसाळ्यात पाणी तुंबणे हे दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. जुलै २०२० मध्ये तेथे एका मालवाहू वाहनाच्या चालकाचा बुडून मृत्यू झाला. गुरुग्राममध्ये जुलै २०१६ च्या अखेरीस पाणी साचून लोक रात्रभर महामार्गावर अडकून पडले होते. अशा पाण्यात बंपरमागील फिल्टर बुडाला, की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर येतो आणि त्याचा दांडा वाकतो.

नेहमीच्या मोटार विम्यात परिणामी हानी व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. बंद पडलेले इंजिन पाण्यात पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान विमा कंपन्या याच सदरात टाकतात. इंजिन संरक्षणाचे जादा कवच घेतले असेल तर गोष्ट वेगळी. पण तेथेही गाडीत केलेला बदल कंपनीला लेखी कळविलेला असावा. न कळविलेला बदल सर्वेक्षकाच्या नजरेस पडतो तो नेमका दाव्याच्या दिवशी. गाडी उत्पादकाच्या हमीत असेल, तर टर्बो किंवा इंजिनाच्या दाव्यावरही हाच आक्षेप येऊ शकतो.

आता माझ्या ग्राहकाचा मूळ प्रश्न. भाडे-खरेदी करारावरील वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीविना बदल करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते. आपले कर्ज नजरगहाणाचे असते आणि मालक स्वतः ग्राहकच असतो, म्हणून ती तरतूद येथे थेट लागू होत नाही. परंतु करारनाम्यात बँकेच्या लेखी संमतीची अट आहे आणि ती बंधनकारक आहे. याच कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. एअर इनटेकचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो. तरीही २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार अननुज्ञात बदलाबद्दल मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. पी.यू.सी. प्रमाणपत्र हातात असणे म्हणजे बदलास मान्यता मिळणे नव्हे. यास्तव आधी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी व मगच शाखेकडे अर्ज द्यावा. गाडी पूर्णतः नष्ट झाल्यास विम्याची रक्कम प्रथम बँकेकडे येते, आणि दावा नाकारला गेला तर गाडी नसतानाही हप्ते मात्र चालू राहतात. शाखा या अर्जाकडे एवढ्या बारकाईने पाहते ते म्हणूनच.

त्या ग्राहकाने सर्व ऐकून घेतले. परिवहन कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत त्याने बसविलेला बंद डब्याचा इनटेक उतरवून ठेवला आणि मूळ डब्यात नवा कागदी फिल्टर घातला. जुना फिल्टर त्याने मला दाखविला होता. घड्यांमध्ये करड्या धुळीचा थर बसला होता आणि एका कोपऱ्यात कडुनिंबाची वाळलेली पाने अडकली होती. सर्व्हिस पुस्तिकेतील किलोमीटर पूर्ण होण्यास अजून बराच अवकाश होता. दिल्लीत मात्र आंधीचा हंगाम संपताच एकदा डबा उघडून पाहिलेला बरा. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन जाताना मूळ डबा घरात असेल, तर गाडी विकतानाही अडचण येत नाही.